मागच्या खोलीचा स्लॅब

१

स्लॅब भरल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी भामा पाटील शिडीवरून वर गेली आणि तिचा पाय रुतला.

तिसऱ्या दिवशीच्या स्लॅबवर पाय रुतत नसतो. तोवर त्यावर म्हैस चढवली तरी खुराचा ओरखडा उठू नये. भामाने पाय उचलला. चपलेचा ठसा मागे तसाच राहिला, ओहोटीच्या चिखलात राहतो तसा. ती उकिडवी बसली आणि अंगठा दाबून पाहिला. नख आत गेलं. मग ती पुढच्या खोलीच्या बाजूला गेली आणि तिथे टाच आपटली. टाच दुखली. तिथला स्लॅब दगडासारखा होता.

एकच छत, एकाच दिवशी भरलेलं. पुढचं अर्धं पक्कं, मागचं अर्धं कच्चं.

"काय जालं गो भामे?" खालून कुणीतरी विचारलं.

"काय नाय," भामा म्हणाली. पण तिचा आवाजच असा आला, की खालच्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून वर बघू लागल्या.

पनवेलहून उरणकडे जाताना खाडीच्या अंगाला ही वाडी होती. एकेकाळी इथली माणसं मिठागरात राबायची. मिठागरं बुजली, तिथे गोदामं आणि कंटेनरचे तळ झाले. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांनी माड्या बांधल्या. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं ते पत्र्याच्या झोपड्यांत राहिले. त्या झोपड्यांतल्या बायकांनी बचत गट काढला, घरबांधणीला कर्ज देणाऱ्या एका संस्थेचं दार ठोठावलं आणि दोन हजार अकरा सालच्या होळीनंतर स्वतःच्या हातांनी स्वतःची घरं बांधायला घेतली. भामा त्यांची मुकादम. ती आधी गवंड्यांच्या हाताखाली घमेली वाहायची, पुढे प्रशिक्षण घेऊन स्वतः थापी धरायला शिकली. लोक तिला 'भामा गवंडी' म्हणत. सुरुवातीला ते चिडवण्यासाठी होतं, पुढे ते नावच झालं.

हा स्लॅब पहिल्याच घराचा होता, आणि संस्थेची अट करारात ठळक होती. पहिल्या घराच्या कारागिरीत खोट निघाली, तर उरलेली सगळी घरं ठेकेदाराकडे जातील. आणि ठेकेदार कोण, हेही वाडीला ठाऊक होतं. कृष्णकांत ठाकूर. तो दुपारी आलाच. त्याने एका काटकीने मागच्या खोलीच्या स्लॅबवर रेघ ओढली आणि हसला.

"वैनी, शिरा चांगला जमलाय. जरा काजू टाकायचे राहिले."

बायकांपैकी कुणी हसलं नाही. भामाने संस्थेला फोन लावला. लपवून ठेवण्यासारखं ते नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक स्कूटर वाडीत शिरली. संस्थेने पाठवलेल्या बाई पांढऱ्या केसांच्या, सडसडीत होत्या. नाव दमयंती गोखले. तंत्रनिकेतनात त्यांनी जन्मभर मुलांना बांधकाम शिकवलं होतं. निवृत्तीनंतर कुठे भिंतीला तडा गेला, कुठे छत गळलं, की संस्था त्यांना बोलावी. त्या वर चढल्या. मागच्या स्लॅबचं एक ढेकूळ त्यांनी खिळ्याने उकरलं, बोटांत चुरलं, हुंगलं.

"भामाताई, हा उशिरा सुकणारा माल नव्हे," त्या म्हणाल्या. "याला कुणीतरी सुकू दिलेलं नाही."

२

आता शाळेतल्या मुलाला समजावं इतकं हे सोपं आहे. काँक्रीटमध्ये चारच गोष्टी पडतात. सिमेंट, रेती, खडी आणि पाणी. खडी काही बिघडत नाही. म्हणजे खोट उरलेल्या तिघांपैकी एकात. दमयंतीबाईंनी ते भामाला असंच सांगितलं, आणि भामा पटकन म्हणाली, "सिमेंट. परेशचंच."

"एवढी खात्री?"

"मागल्या खेपेला त्यानं गुठळ्या जालेल्या गोण्या आनल्या. मी परत धाडल्या, भर रस्त्यात. तवापासून तोंड वाकडं करून बोलतो."

परेश म्हात्रेचं दुकान नाक्यावर होतं. सिमेंट, रेती, विटा सगळं तोच पुरवायचा. दमयंतीबाई आलेल्या पाहून त्याने पंखा लावला आणि थंड मागवलं.

"मॅडम, गोण्या माझ्याच. पण त्याच थप्पीतल्या गोण्या नाक्यावरच्या देवळाच्या ओट्याला गेल्या. ओटा बघून या, कपाळ फुटेल एवढा टणक झालाय."

"रेती?"

"रेती खाडीची आहे. धुतलेली. म्हणजे... धुतलेलीच असते."

दमयंतीबाईंनी वाटेत ढिगातली चिमूटभर रेती आणली होती. ती जिभेवर ठेवून त्यांनी थुंकली. "धुतलेली नाही. खारट आहे."

परेशचा चेहरा उतरला. "मॅडम, संस्थेला सांगू नका. माझा धंदा बसेल."

"ते सांगावंच लागेल. खाऱ्या रेतीने आतली सळई गंजते, दहा वर्षांनी लोकांच्या डोक्यावर छत येतं. उद्यापासून धुऊनच द्यायची." त्या उठल्या. "पण या गुन्ह्यात तुम्ही नाही."

"का नाही?" परेशच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्याने जीभ चावली.

"कारण मिठाने सिमेंट लवकर धरतं, उशिरा नाही. आणि पुढच्या खोलीतही हीच रेती आहे."

परत आल्यावर त्यांनी भामाला विचारलं, "पुढचं संपलं कधी आणि मागचं सुरू झालं कधी?"

"जेवनाला थांबलो तवा पुढचं जालं होतं."

"कुठे थांबलात, दाखवा."

भामाने वर चढून जागा दाखवली. काम मध्येच थांबवायचं तर ते कुठे थांबवायचं, याचे नियम असतात. नाहीतर दोन भरावांचा जोड कमजोर राहतो. भामा बरोबर त्या जागी थांबली होती. दमयंतीबाई तिथे जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या.

"म्हणजे जेवणाच्या आधी सगळं ठीक, जेवणानंतर सगळं बिघडलं," त्या म्हणाल्या. "गोण्या त्याच, रेती तीच, हात तेच. बदललं काय?"

भामाने विचार केला. "पानी. सकालचं पिंप संपलं होतं. जेवाय बसायच्या आदी टँकरमधून नवं भरलं."

"ते पिंप कुठे आहे?"

"धुऊन पालथं घातलंय. आतून मुंगले लागले होते, लय."

दमयंतीबाईंनी पिंप सुलटं करून पाहिलं. आतून राखेने घासून लख्ख केलं होतं.

"जेवताना या पिंपाजवळ कोण कोण आलं होतं?" त्यांनी विचारलं.

भामाने तीन नावं घेतली. त्यातलं एक ठेकेदाराचं होतं.

३

कृष्णकांत ठाकूर आपल्या नव्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. कर्नाळ्याच्या बाजूला त्याची एक इमारत चालू होती, तिथे दमयंतीबाईंनी त्याला गाठलं.

"गेलो होतो, नाही कशाला म्हणू," तो म्हणाला. "बायका स्लॅब टाकतायत म्हणून बघायला गेलो. तमाशा कोण चुकवतो?"

"पिंपाजवळ काय करत होता?"

"पाणी प्यालो. ऊन केवढं होतं! ती म्हातारी बसली होती ना तिथं, तिनंच तिच्या मडक्यातला तांब्या दिला. वर म्हणते, 'क्रिष्णा, तुज्या बापाला मी उचलून खेलवलाय, नीट बोल.'" तो हसला, मग गंभीर झाला. "मॅडम, मला ते काम पाहिजे. उघड सांगतो. पण मी काही मिसळायला गेलो असतो तर त्या म्हातारीनं मला तिथंच पिंपात बुडवला असता."

दुसरं नाव परेशचं. तो रेतीचा शेवटचा ट्रक घेऊन आला होता, पाणी पिऊन गेला. तिसरा महादेव, काँक्रीटचा मिक्सर चालवणारा. एवढ्या बायकांत तोच एक पुरुष. भामा त्याला सारखी ओरडायची, कारण त्याला माल पातळ करायची खोड होती. पाणी जास्त पडलं की माल ओतायला सोपा, पण छत कमजोर. महादेव जेवून पिंपाच्या सावलीतच आडवा झाला होता.

"माझ्यावर आळ घेतील तर घेऊ देत," महादेव म्हणाला. त्याचे डोळे तांबारलेले होते. "पण त्या दिवशी मी पाणी जास्त नव्हतं टाकलं. उलट कमीच लागलं. दुपारनंतर माल कसा लोण्यासारखा पडत होता! मी भामावैनीला म्हटलंपण, आज हात लागलाय बघा."

"पाणी कमी घालूनही माल सैल होता?"

"हो ना. मलाच नवल वाटलं."

दमयंतीबाईंच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने महादेवला उठवून दिलं असतं. त्यांनी त्याला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

४

पिंपाजवळ दिवसभर बसलेली म्हातारी म्हणजे गुणाबाई. भामाची सासू, वाडीतली सर्वांत वयस्कर बाई. पहिलं घर तिचं, ते त्याच मानाने. तिला वर चढवत नसे, घमेलं उचलवत नसे. म्हणून पिंपाजवळ बसून पोरांना आणि कावळ्यांना हाकलण्याचं काम तिने स्वतःहून मागून घेतलं होतं.

दमयंतीबाई तिच्या झोपडीत गेल्या तेव्हा ती करंजा बंदराहून आणलेला सुका जवळा निवडत होती. दोरीवर लुगड्याचा एक जुना, पातळ तुकडा वाळत होता. त्यावर चहाच्या रंगाचे डाग होते.

"ये बाय, बस. पानी देऊ?"

"नको. आजी, मला घर दाखवा ना तुमचं."

गुणाबाई उठली. स्लॅबखाली टेकूंचं रान उभं होतं, त्यातून वाट काढत ती खोल्या दाखवू लागली. बोलण्यात कौतुक ओसंडत होतं.

"ही फुडली. पावन्यांची. कोन येल, बसंल, च्या पिऊन जाल. आनि ही मागली. ही माज्या कोमलची. भामाची पोर. पयलं बाळंतपन, म्हायेराला आली. हितंच हुनार."

"मग ही खोली चांगली पक्की व्हायला हवी."

"तर! माजा बा चुन्याचा गवंडी व्हता, बाय. मिठागराचं गोदाम बांधलं त्यानं. खाडीचं पानी आदळून आदळून थकलं, भिंत नाय हलली. आता सिमिटाचं काम. मला त्यातलं काय कलतं?" तिने वर पाहिलं. वरचा कच्चा स्लॅब टेकूंवर तोलून होता. "बाय, त्या क्रिष्नाला देतील का गो आमची घरं?"

"अजून ठरलेलं नाही."

"या पोरींनी लय मेनत केली. भामा तर जेवलीसुदीक नाय दोन दिस." गुणाबाईचा हात भिंतीवरून फिरत होता. "मलापन घास उतरत नाय."

बाहेर आल्यावर दमयंतीबाईंनी भामाकडे तीन वाट्या आणि थोडं सिमेंट मागितलं. पहिल्या वाटीत साध्या पाण्याने कालवलं. दुसऱ्यात मिठाच्या पाण्याने. तिसऱ्या वाटीसाठी त्या भामाच्या चुलीपाशी गेल्या, डब्यातून काहीतरी चिमूटभर घेतलं आणि पाण्यात विरघळवून कालवलं. काय घेतलं ते भामाने विचारलं.

"उद्या सकाळी वाटीच सांगेल. सगळ्यांना बोलवा. कृष्णकांत आणि परेशलाही."

५

सकाळी अंगणात सगळे जमले. कृष्णकांत खुर्ची मागून बसला. महादेव लांब कडुनिंबाखाली उभा होता. कोमल दाराच्या चौकटीला धरून होती, गुणाबाई पायरीवर.

दमयंतीबाईंनी पहिली वाटी पालथी करून आपटली. टणक. दुसरी आपटली. तीही टणक. तिसरीतला राखाडी गोळा त्यांनी बोटाने उचलला तर तो चिखलासारखा लोंबला.

"काय हाय त्यात?" भामाने विचारलं.

"गूळ."

कुणाला काही कळेना. दमयंतीबाई वर्गात सांगत तशा सावकाश सांगू लागल्या.

"गोडाने सिमेंट धरत नाही. नुसता सैल पडतो माल, लोण्यासारखा, आणि मग दिवसचे दिवस तसाच राहतो. महादेवने नेमकं तेच सांगितलं. पिंपाला मुंगळे लागले, ते भामाताईंनी सांगितलं. पाण्यात गूळ होता, दुपारच्या पिंपात. प्रश्न एवढाच की घातला कुणी."

सगळ्यांच्या माना कृष्णकांतकडे वळल्या. तो खुर्चीतून अर्धा उठला.

"थांबा. ठाकूर आणि परेश पिंपाजवळ आले ते पाणी पिण्यापुरते, महादेव तर तिथे झोपला होता. गुळाची ढेप थंड पाण्यात एवढ्याशा वेळात विरघळत नाही. ती फोडावी लागते, रात्रभर भिजवावी लागते. तशीच ओतली असती तर चिपाडं आणि कचरा वर तरंगला असता, तो महादेवला दिसला असता. म्हणजे ते पाणी कपड्यातून गाळून आणलेलं होतं." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "आता मला सांगा. कुणाचं घर पाडायला निघालेला माणूस गूळ गाळून घेईल?"

कृष्णकांत परत खुर्चीत टेकला. दमयंतीबाई पुढे बोलू लागल्या.

"गाळून आपण खायला देतो. ज्याचं भलं व्हावं असं वाटतं त्याला देतो. हे वैऱ्याचं काम नव्हे. आणि आणखी एक. पुढच्या खोलीला हात लागला नाही. फक्त मागच्या खोलीला लागला, बाळंतपणाच्या खोलीला."

भामाने हळूहळू मान वळवून सासूकडे पाहिलं.

"जुने गवंडी चुन्यात गूळ घालायचे," दमयंतीबाई म्हणाल्या. "चुन्याला गूळ मानवतो, भिंत वज्रासारखी होते. गोदामाची भिंत अजून उभी आहे ती त्यामुळेच असेल. सिमेंटचं उलटं आहे. ज्याने चुना पाहिला, सिमेंट नाही, त्याच्याच हातून ही चूक होऊ शकते. आजी?"

गुणाबाईने पदर तोंडाला लावला होता. तो तिने काढला.

"मीच घातला. हंडीत भिजवून आनला व्हता, पदराखाली. पिंप भरलं का तांब्या तांब्या ओतत व्हते. बा म्हनायचा, घराला गोड भरवायचं ते न बोलता. बोललं का गुन जातो." तिने कोमलकडे पाहिलं. "मला वाटलं, माज्या कोमलच्या डोक्यावर बाच्या हाताचं छत हुईल."

६

पहिला बोलला तो कृष्णकांत. "म्हणजे खोट बायकांचीच. मॅडम, करार काढा."

"करारात कारागिरीतली खोट म्हटलंय," दमयंतीबाई म्हणाल्या. "पुढची खोली बघा. काम कुठे थांबवलं ते बघा. तुमच्या इमारतीवर काल मला स्लॅबचा जोड वाटेल तिथे मारलेला दिसला, ठाकूर. इथे तो जागच्या जागी आहे."

कृष्णकांतने मान फिरवली. पण भामा पुढे आली.

"मॅडम, असं नका लिवू. पान्यावर कोन बसलंय, काय घालतंय, ते बघनं मुकादमाचं काम. मी बगितलं नाय. खोट माजी लिवा. पन आयेचं नाव नको."

"तुमचं लिहिते. त्यांचंही लिहिणार."

"म्हातारी हाय ती."

"नाव गाळलं तर उद्या कुणी म्हणेल परेशचं सिमेंट वाईट होतं, कुणी म्हणेल महादेवने पाणी ओतलं. जे झालं ते झालं तसं लिहायचं. गुणाबाईंनी चांगल्या हेतूने गूळ घातला. मुकादमाची देखरेख कमी पडली. कारागिरी चोख आहे. मागचा भाग जोडापर्यंत काढून, सळया घासून, गटाने स्वतःच्या मेहनतीने पुन्हा भरावा. पुढची घरं गटाकडेच राहावीत, अशी माझी शिफारस. संस्था माझी शिफारस सहसा मोडत नाही."

बायकांच्या घोळक्यातून एक लांब श्वास सुटला. कुणीतरी रडलं, कुणीतरी तिला गप्प केलं.

"तोडायला ब्रेकर मशीन लागेल," कृष्णकांत उठता उठता म्हणाला. धंद्याचा माणूस, रिकाम्या हाताने जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "माझ्याकडे आहे. भाड्यानं देईन."

भामाने वर जाऊन मागच्या स्लॅबमध्ये फावडं खुपसलं. ते सहज आत गेलं.

"ब्रेकर तुमच्याकडंच ठेवा, भावजी," ती वरून म्हणाली. "हा तुमीच म्हनलात तसा शिराच हाय. उलथन्यानंपन निघंल."

आता मात्र सगळे हसले. महादेवसुद्धा. बायका पदर खोचून फावडी, खुरपी, घमेली घेऊन शिडीकडे निघाल्या. खाली पायरीवर गुणाबाई तशीच बसली होती. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. रागाने नव्हे, काय बोलावं ते कळत नव्हतं म्हणून.

"आजे," दारातून कोमल म्हणाली, "पोरगं जालं का त्याचं नाव ढेपूशेठ ठेवू काय?"

"गप गो," गुणाबाई म्हणाली. पण तिच्या ओठांची कड हलली. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि वर बघून तिने हाक मारली, "भामे! मी काय करू?"

वरून भामाने डोकं काढलं. सासूकडे बघत तिने हातातलं फावडं खाली टेकवलं.

"आये, पान्याकडं सोडून कुठंपन बस," ती म्हणाली. "आनि आधी भाकर खा. मग मीपन खाते."